खरूज नाय, काच हाय

चिकलठाणा, औरंगाबाद
डिसेंबर १९९३

तीर्थरूप आप्पांना मुंजाबाचा दंडवत. आईला वेगळा सांगा, नायतर रुसंल.

मी खुशाल हाय. मुंबईच्या एका शेठची पाण्यावर उभ्यानं चालवायची फटफटी कारखान्यात आलीय. फोम घासून तिचं नाक मी घडवतो, मेंढीच्या पाठीवाणी गुळगुळीत. त्यावर काचेचं कापड चिकटवायचं, वाळलं की पुन्हा घासायचं. घासताना काचेचा भुगा उडतो, तो अंगात शिरतो नि खाज सुटते.

पोरगी बघायला आलो त्या दिवशी नामांतराच्या बंदमुळं एस्टी बंद होणार होती. म्हणून अंघोळ न करताच शेवटची गाडी धरली. पोरीच्या बापासमोर, कन्नडच्या त्रिंबकमामांसमोर, तासभर खाजवत बसलो, ते ह्या भुग्यापायी. त्यांनी खरूज समजून नकार कळवला. मला पोरगी लई आवडली होती, आप्पा.

इथं आता शांत हाय. कारखाना लवकर सुटतो, एवढंच. काळी शेळी व्याली का?

सोबत काचकापडाचा तुकडा धाडलाय. मामांच्या मनगटावर घासा, मग सोयरिकीचं बोला.

तुमचा लेक,
मुंजाबा

ता. क. तुकडा ह्याच कागदात गुंडाळलाय. इथवर वाचेस्तोवर तुमचंही खाजवणं सुरू झालं असंल. चोळू नका, गार पाण्यानं हात धुवा.