चोरवेळ

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मला बोलू देत नाहीस. शिवाय जे सांगायचं आहे ते कळल्यावर तू ओरडणार, आणि पत्रावर ओरडलास तर ते फक्त वहिनीला ऐकू जाईल. तिला सवय आहे.

तर ऐक. मला मोटरसायकलवरून एका दमात सोळाशे किलोमीटर जायचं आहे, चोवीस तासांच्या आत. लांब पल्ल्याच्या स्वारांचा एक क्लब आहे, त्यांचा तसा नियम आहे. वाटेतल्या प्रत्येक पंपावरची पावती जपून ठेवायची, निघताना एका साक्षीदाराची सही घ्यायची, पोचल्यावर दुसऱ्याची. मग ते प्रमाणपत्र देतात. हो, कागदाचंच. हो, एवढ्यासाठीच. तुझे पुढचे दोन प्रश्न निकालात निघाले.

इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवतेय. लांब जाणारी माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांना फोमवर बसवते, हाडं कुठे टेकतात ते खडूने आखते, तिथला फोम कापून मऊ भरते आणि शिवण हाडाखाली येणार नाही अशी बेतते. मग ती माणसं कुठल्या कुठे जाऊन येतात आणि सांगतात की ताई, हजार किलोमीटर झाले तरी काही जाणवलं नाही. मी मान डोलावते. मला काय कप्पाळ ठाऊक हजार किलोमीटर म्हणजे काय? माझं आपलं दुकान ते घर आणि घर ते दुकान. एकदा माझ्या हातच्या सीटवर मलाच बसून बघायचं आहे. आणि ते याच वर्षी. का, ते विचारू नकोस.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. जन्मभर आगारात बसून चालकांची वेळापत्रकं लावलीस, तसं एक माझं लावून दे. रस्ता असा फिरवून आण की शेवट तुझ्या घराजवळच्या पंपावर होईल. आणि तिथे साक्षीदार म्हणून तू उभा राहा. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, तेवढं हसण्यावारी ने.

लोभ आहेच. ओरडून झाल्यावरही तो शिल्लक राहू दे.

तुझी,
भिंगरी

२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ओरडून झालं. लहानपणी तू एका जागी ठरत नव्हतीस म्हणून आबांनी तुला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. पन्नाशी आली तरी त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं तुझं ठरलेलं दिसतं. प्रमाणपत्रच हवं असेल तर मी इथे टाइप करून देतो, खाली गोल शिक्काही मारतो. घरबसल्या होईल.

पहिल्या दिवशी मी साफ नाही म्हणायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नकाशा काढला, नुसता बघावा म्हणून. तिसऱ्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली की नकाशा टेबलावरून उचला, नाहीतर दोघांनी उभ्याने जेवू. तेव्हा मला कळलं की मी हो म्हणून बसलो आहे.

पण एक गोष्ट गमतीवारी नेऊ नकोस. थकलेले चालक मी आयुष्यभर पाहिले. थकलेला माणूस आपण थकलो असं कधी सांगत नाही. तो सांगतो की मी एकदम ठीक आहे, आणि ते त्याला खरंच वाटत असतं. मला भीती वाटते ती याची. रस्त्याची नाही, गाडीची नाही, तुझ्या ‘मी ठीक आहे’ची.

टाकीत किती पेट्रोल मावतं, एका बैठकीला किती वेळ बसवतं आणि दुपारी जेवल्यावर तुझे डोळे मिटतात का, ते कळव. अक्षराबद्दल काय बोलू? कोंबडी शाईत नाचून गेल्यासारखं आलं आहे. पूर्वी तुझं अक्षर बरं होतं.

काळजी करणं हे माझं कामच आहे, ते करू दे.

तुझा,
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टाकीचं आणि बैठकीचं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात. तुझेही मिटतात. म्हणून दुपारी जेवणारच नाही. दुपारी चार वाजता निघायचं, रात्र चालवत काढायची, पहाटे कुठेतरी पाठ टेकायची आणि दुसऱ्या दिवशी चारच्या आत तुझ्यासमोर हजर. निघतानाची सही शेजारचा औषधवाला करणार आहे. त्याने मला एक बाम फुकट दिला आणि वर विचारलं की घरच्यांना माहीत आहे ना.

सीट तयार झाली. तीन वेळा उसवली, चौथ्यांदा मनासारखी बसली. दुसऱ्यांची मापं घेणं सोपं असतं. स्वतःचं माप घ्यायचं म्हणजे फोमवर बसायचंही आपणच आणि खाली वाकून खडूही आपणच ओढायचा. बराच वेळ ती कसरत केली. शेवटी औषधवाल्याच्या बायकोला बोलावलं. ती इतकी हसली की रेघ वाकडी गेली.

आता महत्त्वाचं. तुझी चोरवेळ मला नको. तीन तासांच्या फेरीला तू कागदावर साडेतीन लिहायचास, म्हणजे चालकाने घाई करू नये. शर्टाच्या चोरकप्प्यासारखी ती तुझी चोरवेळ! आगारात सगळे ते ओळखून होते. घरीही तेच. सिनेमा सहाचा असला की तू साडेपाचचा सांगायचास, आम्ही ते ओळखून बरोबर सहाला पोचायचो. आणि विचारलं की गळ्याची शपथ घेऊन सांगायचास की साडेपाचचाच आहे. मी चालक नाही आणि लहानही नाही. खऱ्या वेळा लिही. म्हाताऱ्यांची सहल काढायची नाहीये.

वहिनीला टेबल परत मिळो ही सदिच्छा.

तुझी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वेळापत्रक सोबत आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे खऱ्या वेळा लिहिल्या आहेत, एक मिनिटही लपवलेलं नाही. गळ्याची शपथ. मनाला अजिबात पटलेलं नाही, पण ‘म्हाताऱ्यांची सहल’ हे शब्द दोन दिवस कानात घुमत होते. तुझ्या वहिनीला वाचून दाखवले, तर तीही हसली.

मी दुपारपासूनच पंपावर खुर्ची टाकून बसणार आहे. पंपावरच्या बाईंशी बोलून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या की साक्षीदार म्हणून लागल्यास त्याही सही करतील. मी म्हटलं, बहीण माझी आहे.

पोचल्याशिवाय काही खरं नाही. जपून ये.

तुझा,
दादा

४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू त्या दिवशी वाटेतल्या पंपावरूनच परस्पर परत गेलीस, घरी आली नाहीस. फोन उचलत नाहीस. म्हणून लिहितो.

अडीचला तुझा फोन आला. दादा, मी पंपावर आहे, मी येत नाही, आता झोपते. एवढंच बोलून तू ठेवून दिलास. तरी मी चारपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. चार वाजून गेले आणि पेन खिशात ठेवलं. आता तुला खरं सांगू? मला आनंद झाला. लपवून काय करू? मी त्या बाईंना म्हणालो की माझी बहीण हरली, आणि मला हसूच आवरेना. त्यांना वाटलं असेल की या भावाबहिणीचं काहीतरी जुनं वैर आहे. घरी येऊन मी चक्क दोनदा जेवलो. तू जिवंत होतीस, कुठल्यातरी सावलीत आडवी झाली होतीस, आणि मला दुसरं काही नको होतं.

प्रमाणपत्राचं काय, पुढच्या वर्षी मिळेल. रस्ता कुठे पळून जात नाही. तुझी वहिनी विचारते की सीट कशी निघाली.

रुसवा किती दिवसांचा आहे ते कळव.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रुसवा नाही, राग आहे. तुझं पत्र वाचून मी ते मशीनच्या खाली सरकवून दिलं आणि तीन-चार दिवस तिकडे बघितलं नाही. आता लिहिते.

तू शपथ घेऊन खऱ्या वेळा लिहिल्यास. मला वाटलं, शपथ आहे म्हणजे नक्कीच खोटी आहे! तुझा अर्धा तास मला तोंडपाठ होता, तो मी मनातल्या मनात प्रत्येक टप्प्यातून वजा केला. रात्री कागदावरच्या वेळांना बरोबर पोचत होते, तरी त्या वजाबाकीमुळे वाटलं, आपण मागे पडतोय. पहाटे मात्र म्हटलं, काळजी कशाला, दादाने पुढे लपवून ठेवलेलं आहेच. तो कधी दगा देणार नाही. म्हणून थोडं पडायचं तिथे चांगली ताणून दिली. उठून निघाले आणि दोन टप्प्यांनंतर लक्षात आलं की कुठे काही लपवलेलंच नाही. पन्नास वर्षांत तू एकदाच माझं ऐकलंस, आणि ते नेमकं याच वेळी.

मग मी सुटले. पंपावर पाणीसुद्धा उभ्याने प्यायले. ऊन डोक्यावर आलं आणि गाडीचा आवाज एकसुरी झाला. तू म्हणतोस ना तसं, मी एकदम ठीक होते. तुझ्या अलीकडच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोराने विचारलं की पुलावर काम चालू आहे, गर्दी लागली का. मी विचारलं, कुठला पूल? तो म्हणाला, हा काय, मागचाच. मान वळवून बघितलं तर पंपावरून दिसत होता, चांगला लांबलचक, खाली नदी. मी त्यावरून आले होते आणि मला तो आठवत नव्हता. दादा, पूल आठवत नव्हता. मी हात बघितले. हे हात गाडी धरून पुलावरून आले आणि मी तिथे नव्हते.

वेळ होता. घाई केली असती तर चारच्या आत पोचले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दहा मिनिटं मी किल्ली हातात धरून उभी होते. मग गाडी सावलीत लावली, तुला फोन केला, बाकावर बसून रडले आणि झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. तुझ्यासमोर यायची लाज वाटली.

तू म्हणतोस पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष नाही, दादा. माझ्या दोन्ही मनगटांतली नस दबली आहे. दाभण ओढून ओढून झालेलं आहे हे. बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतात. अक्षर म्हणून कोंबडीचं झालं. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे, आधी उजवा हात, मग डावा. डॉक्टर म्हणतात की हलकं शिवणकाम जमेल, पण तासन् तास हँडल धरून बसणं आता विसरायचं. म्हणून याच वर्षी. तुला सांगितलं असतं तर तू नकाशाच काढला नसतास.

तुला आनंद झाला ते मला कळतं. मी तुझ्या जागी असते तर मलाही झाला असता. पण माझी एकच खेप होती, ती गेली, आणि माझा भाऊ दोनदा जेवला, हे मला वाचावं लागलं. वहिनीला सांग, सीट उत्तम निघाली. हजारानंतरही काही जाणवलं नाही.

तुझी,
भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं, कारण मनगटांपर्यंत आल्यावर मला पुढे वाचता येईना. तुझ्या अक्षराची मी टिंगल केली. ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक.

वेळापत्रक लावताना मी प्रत्येक टप्प्यापुढे आधी नेहमीसारखंच लिहिलं होतं. मग खोडरबर घेऊन एकेक अर्धा तास पुसला. पुसताना हात जड होत होता, पण म्हटलं, बहीण एवढी मोठी झाली, आता तरी तिच्यावर विश्वास टाकावा. तू माझ्या शपथेवर टाकला नाहीस, आणि तुझी चूक तरी कशी म्हणू? चोरवेळ लपवायचो मीच, आणि ती ओळखायला तुला शिकवलंही मीच.

एवढं असूनही मला विचारशील तर त्या बाकावर झोपलेली बहीणच मला हवी. त्या आनंदाची मी माफी मागणार नाही. पण दोनदा जेवलो त्याची मागतो.

डॉक्टरांशी बोलू का? तारीख पुढे ढकलता येईल का? नवं वेळापत्रक लावू, वाटेत दोन ठिकाणी मी स्वतः येऊन थांबतो. नाहीतर गाडी मी चालवतो, तू मागे बस, आगाराच्या आवारात मी बस फिरवलेली आहे. तुझी वहिनी म्हणते की हा शेवटचा पर्याय वाचून तू नक्की हसशील. काय करू ते सांग. सांगशील ते करतो.

तुझा,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसले. वहिनीला सांग.

डॉक्टरांशी बोलू नकोस. तारीख पुढे ढकलायची नाही, हात मलाही हवे आहेत. वेळापत्रकही लावू नकोस. क्लबला कळवून टाकलं आहे की माझं राहिलं. त्यांनी छान शब्दांत उत्तर दिलं, की थांबता येणं सगळ्यांना जमत नाही. वाचून बरं वाटलं, पण पोट भरलं नाही.

अर्धवट शिवलेली सीट मी आजवर कोणाला दिली नाही. त्या पंपापासून तुझ्यापर्यंतचा रस्ता माझा राहिला आहे. तेवढा मी हातांच्या शस्त्रक्रियेआधी पुरा करणार आहे. सही नको, पावत्या नकोत. पंपाच्या आधी तो पूल लागेल, तिथे उतरून कठड्याशी उभी राहणार आहे, मन भरेपर्यंत.

गुरुवारी येते. किती वाजता ते लिहीत नाही, मलाही ठाऊक नाही. झोप आली तर झोपेन, हात दुखले तर थांबेन. वेळ न कळता कोणाची वाट बघणं तुला आयुष्यात जमलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. एवढं माझ्यासाठी कर. फोन करू नकोस, घड्याळ घरी ठेव, आणि पंपावर खुर्ची टाकून बस.

येतेच आहे.

तुझी,
भिंगरी