इथे डोळे मिटून ऐकतात

बोलोन्या, इटली
मार्च १९७३

प्रिय आई,

मी मजेत आहे, पोटभर जेवतोय.

काल आमच्या बँडसाठी अख्खा हॉल भरला होता. आपल्या लीड्समध्ये ज्या लांबलचक गाण्याला लोक "आटपा की!" म्हणून ओरडतात, तेच इथे डोळे मिटून ऐकतात. माझी ऑर्गनची धून तर सगळेच गुणगुणत होते. धुक्यातून नदी वाहावी, तसं वाटलं.

आम्ही जेवतो त्या खानावळीच्या मालकीणबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. "अरे पोरा, आम्ही आजीच्या मांडीवर बसून चार-चार तास ऑपेरा ऐकलेली माणसं. तुमचं कुठे लांब?"

बाबांचा खोकला कसा आहे? मी बँड सोडून पोस्टात नोकरी धरावी, असं अजून म्हणतात का?

घरी परतलो की पहिल्याच रविवारी आपल्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये वाजवणार आहोत. बाबांना घेऊन ये ना. दोन खुर्च्या तरी भरतील.

तुझाच,
ऑब्री