तीनदा विचारलेला प्रश्न

मंगळवार पेठ, कोल्हापूर

राजमान्य कल्लाप्पा,

तुला आणि राजमतीवहिनींना माझा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि म्हैस व्याली का, हे दोन्ही कळव (आधी म्हशीचं कळवलंस तरी राग नाही). इकडं आमचं बरं आहे. 'बरं' हा शब्द कितपत खरा, तेवढंच सांगायला बसलोय.

गेल्या महिन्यात पन्हाळ्याला माझं भाषण झालं. उत्तम झालं. इतकं उत्तम, की मधला दहा मिनिटांचा भाग मी दोनदा केला आणि लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या (म्हणजे चूक माझी एकट्याची नव्हे). आमच्या सौ. संयोगितानं मात्र वाजवल्या नाहीत. तिनं मला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एमआरआय काढला, फोटोत विशेष काही दिसेना म्हणून अनुजा नावाच्या मुलीकडं पाठवलं. क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट. म्हणजे माणसाची आठवण, लक्ष, भाषा यांतलं काय शाबूत आहे आणि काय हललंय, ते तपासणारी.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. बोटांचे ठसे घेऊन पोरांचा मेंदू वाचणाऱ्या भोंदूंविरुद्ध मी बिंदू चौकात घसा फोडलाय. तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधीच मी तिला विचारलं, तुला हा अधिकार कुणी दिला. तिनं शांतपणे सांगितलं : एम.ए., मग दोन वर्षं रुग्णांत राहून एम.फिल., सरकारच्या पुनर्वास परिषदेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी, मग बंगळूरला मेंदूच्या रुग्णांचं काम. नोंदणी क्रमांकही दाखवला. मी म्हटलं, आणि न्यूरोची वेगळी नोंद? ती म्हणाली, "काका, ती आपल्याकडं अजून नाही." झालं, मी पेटलो. नेदरलँड्समध्ये हे नाव लावायलाच कायद्याची परवानगी लागते, अमेरिकेत डॉक्टरेटनंतर आणखी दोन वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि आमच्याकडं चहाच्या गाड्याला परवाना लागतो तिथं मेंदूसाठी साधी वेगळी वही नसावी? (ही माहिती सगळी तिचीच. मी फक्त आवाज चढवला.) पाऊण तास बोललो. ती भराभरा लिहून घेत होती. मला वाटलं, आंदोलनाला पहिली कार्यकर्ती मिळाली.

मग परीक्षा. एका मिनिटात 'क'नं सुरू होणारे शब्द सांगा म्हणाली. माणसांची-गावांची नावं चालणार नाहीत, हेही म्हणाली होती. मी 'कोल्हापूर' म्हणून सुरुवात केली आणि मिनिट संपेपर्यंत कोल्हापूरवरच बोललो.

बाहेर आल्यावर संयोगिता म्हणाली, "अवो, अधिकार कुणी दिला म्हणून त्या पोरीला तुम्ही तीनदा इचारलासा. तिनं तिन्ही बारीला सगळं पयल्यापासनं सांगितलं की."

मी उलट्या पावली आत गेलो आणि अनुजाला समजावलं, की मुद्दा ठसवायला वक्ता प्रश्न पुन्हा विचारतो. तिनं तेही लिहून घेतलं.

कल्लाप्पा, राग यायला हवा होता, आला नाही. कुणी अर्धवट शिकलेला भेटता तर त्यानं मला हुशार म्हणून घरी धाडलं असतं, नाहीतर तिथंच खुळ्यात काढलं असतं. अनुजा म्हणाली, "ही तुमची सवय आहे की नवीन काही, मला अजून माहीत नाही." एवढं एक वाक्य म्हणायला किती वर्षं शिकावं लागतं, ते मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्या पोरीचे, आणि तिला घडवणाऱ्या सगळ्या मास्तरांचे माझ्यावर उपकार आहेत. तिचा निकाल येईस्तोवर मी एकही भाषण करणार नाही, असं मीच ठरवलंय.

तुझा,
हंबीरराव

ता.क. : खरं काम राहिलंच. अनुजाला असा माणूस हवाय, जो मला जुना ओळखतो आणि भीत नाही. घरचे माया करतात, पेठेतले भितात. चाळीस वर्षं मला तोंडावर खोटं पाडणारा तू एकटाच. गुरुवारी दहाला ये आणि मी पूर्वीही असाच तीनदा विचारायचो का, ते तिला खरं सांग. माझी दया करू नकोस.

ता.क. २ : तुझ्या माळ्यावर माझ्या जुन्या भाषणांच्या कॅसेटी पडल्यात, त्या घेऊन ये. त्यांतही मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत असेन, तर ती सवय, मी सुटलो. म्हणत नसेन, तर तिला द्यायच्या आधी एक मला ऐकव.