खुडलेली अबोली

मिरकरवाडा, रत्नागिरी
ता. २६ फेब्रुवारी १९३२

चरणांशी मालनचा नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत. सासूबाईंचा खोकला उतरला. लवूभावजी आणि त्यांची सखू मजेत आहेत.

आगबोटीने पाठवलेले चित्र पोचले. नाटक कंपनीचे पडदे रंगवणारा माणूस तैलरंगात एवढीशी कुंडी काढतो, म्हणजे प्रगतीच म्हणायची. शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "अगो, खुडून घ्यावी अशी अबोली झालीय!" मी मनात म्हटले, खुडून झालीच आहे.

खरेच सांगते. अबोली कोणी खुडली नाही तर सुकलेली फुले कणसालाच लोंबत राहतात. तुमच्या झाडावर सुकलेले एक फूल नाही. कोणीतरी रोज खुडत असणार. चार पुरुषांच्या त्या खोलीत बायकोला कुठे ठेवू, असे म्हणत इतकी वर्षे मला मुंबई दाखवली नाहीत. मग खोलीतले तुमचे काशीराम हल्ली वेणी माळतात की काय?

आणि कुंडीच्या बाजूला वाटीत भिजत घातलेला तो केळीच्या सोपाचा दोरा! वेणी बांधायचाच ना तो? किती निगुतीने काढलात, पाण्यावरची चकाकीसुद्धा सोडली नाहीत. लबाडी करायची होती तर चित्राला बसण्याआधी ती वाटी तरी उचलायची. मासळी पळवणारे मांजरसुद्धा तोंड पुसून बसते. तुम्ही चोरीचीच तसबीर करून बायकोला पाठवलीत, वर लिहिलेत की ओटीवर लाव.

मी कोणाला काही बोलले नव्हते. पण सासूबाईंनी चित्र उजेडात धरले. "झाड ब्येस काडलान माज्या लेकानं," म्हणाल्या, आणि मग त्यांचे बोट वाटीवर आले. "पन तकडं येनी कोन बांदतंय गो?"

त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले.

शिमग्याला दरवर्षीसारखे या. तुमचे पान वाढीन. पालखी घरात आली की पूजेच्या पाटावर मात्र लवूभावजी बसतील. सासूबाईंनी मानकऱ्यांना तसे कळवले आहे. भावजींच्या शेजारी सखू बसेल आणि मी दाराआड उभी राहीन. लग्न होऊन आल्यापासून ती जागा माझी होती. तुमच्यासाठी डोळ्यांत पाणी आले नाही, त्या पाटासाठी मात्र आले.

मुंबईला न्या, असे यापुढे लिहिणार नाही. खालचे 'सौ.' लोकांसाठी आहे.

सौ. मालन