चिंचेनं घासलेली नाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज दुकानदारासमोर बायकोला जे बोललो, ते बोलायला नको होतं.

इतक्या वर्षांत जमवलेली स्मारक नाणी किंमत काढायला नांदेडला नेली. शोभा सोबत होती. कॅनडाचा चांदीचा डॉलर माझा सगळ्यात लाडका. त्यावर होडी वल्हवणारे दोघे जण आहेत. दुकानदारानं भिंगातून पाहिलं आणि तो बाजूला ठेवला. "कुणीतरी घासलाय. आता नुसता चांदीचा भाव." बाकीच्या नाण्यांचंही तेच.

शोभा हळूच म्हणाली, "मी घासली, चिंचेनं. काळी पडली व्हती."

"हिला काय कळतंय," मी म्हणालो. दुकानदार हसला. मीही हसलो.

परतीच्या बसमध्ये डोंगरकडा गाव आलं. तेव्हा ती खिडकीकडं बघत म्हणाली, "तुमी दवाखान्यात व्हता तवा घासली. डॉक्टर धड काही सांगत न्हवते. घरात बसून दुसरं काय करू?"

होडीतल्या दोघांचे चेहरे पुसट झालेत. किती वेळ घासत बसली असेल ती? आणि घासल्यानं किंमत जाते हे मला तरी कुठं माहीत होतं? दवाखान्यातून आल्यावर ती चकाकी बघून मीच म्हणालो होतो, छान दिसून राहिलीत.

घरी आल्यावर तिनं रोजच्याच आवाजात जेवायला हाक मारली. समोर बसून जेवलो, उठलो. तिला सांगायचं ते इथं वहीला सांगून राहिलो.