हातात पान्हा होता म्हणून

मंगळवार, दुपार
हॉस्पिटलच्या बाहेरचा बाक

ती. ताईस,

नमस्कार. तू आणि दाजी निघायच्या गडबडीत असाल. मी बरा आहे. तुझा पिल्लूही आता बरा आहे, डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलंच.

सकाळपासून हे पत्र टाळतोय. आधी पेन नव्हतं. औषधांच्या दुकानातून मागून आणलं, तर दुकानदार निघाला जुनी घड्याळं जमवणारा. एक घड्याळ उलटं चालतं म्हणे, ते दाखवायला मला पार आतल्या खोलीत घेऊन गेला. मग कागद नव्हता. मग चहा. तू म्हणशील, भिंगरी, मुद्द्यावर ये. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसती गप्प झालीस तरी मी खोटं बोलायला लागतो, माहितीये ना तुला.

काल काय झालं ते हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी तुला कळवलंय. पोरगा कॉरिडॉरमध्ये पडला, त्यांना वाटलं प्यायलाय, म्हणून दवाखान्याऐवजी खाली सिक्युरिटीच्या खोलीत नेऊन बसवला. प्यायलेल्या पोरांसाठी तसाच नियम आहे त्यांच्याकडे. तू बाईंना फोनवर वाट्टेल ते बोललीस म्हणे. ताई, त्यांना बोलू नकोस. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला माहीत होतं तो तिथेच उभा होता.

आता जरा मागचं सांगतो. तू म्हणाली होतीस, दोन दिवस राहून बघून ये, वेळेवर जेवतो का, सुई टोचून घेतो का. मी राहिलो तो राहिलोच. तुला सांगितलं की मित्राकडे आहे. कुठला मित्र? पिल्लूच्या खाटेखाली झोपत होतो, उशाला त्याचे बूट. हॉस्टेलात पाहुण्याला एकच रात्र राहता येतं, तेही आधी विचारून. आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. सकाळी मजल्यावरची पोरं मला ओलांडून दात घासायला जायची. चांगली आहेत गं पोरं. एकाने मला बुद्धिबळ शिकवलं, घोडा सोडून सगळं जमतं आता.

एकदा पिल्लू म्हणाला, "मामा, माझा डायबेटिस ऑफिसात नोंदवून टाकतो. मग दर आठवड्याला नर्स खोलीवर येते. शिवाय मला काही झालं तर काय करायचं ते रेक्टरना आणि मजल्यावरच्या पोरांना सांगून ठेवतात."

"नोंदव की," मी म्हणालो. "फक्त मी गेल्यावर नोंदव. नर्स खाटेखाली वाकली तर काय सांगशील, हा कोण?"

"तू कधी जाणार पण?"

"जड झालो का रे तुला?"

असं म्हटलं की तो गप्प बसतो. तुझ्यावरच गेलाय.

काल त्याने सुई घेतली आणि अभ्यासाच्या नादात जेवण राहिलं. मी कॉरिडॉरच्या टोकाला न्हाणीघरात होतो. तिथला नळ कधीचा गळत होता, मेसमधून पान्हा मागून आणला होता. गलका ऐकून बाहेर आलो तर पिल्लू भिंतीला टेकून बसलेला, शर्ट घामाने चिंब, काहीतरी बरळतोय. मला तिथल्या तिथे कळलं. तूच शिकवलंयस ना, घाम आणि बडबड दिसली की आधी साखर, बाकी विचार नंतर.

मी त्याच्याकडे निघालो तेवढ्यात बाई जिना चढून आल्या. "तुम्ही कोण?"

हातात पान्हा होता. तोंडातून निघून गेलं, "प्लंबर." जमलेल्या पोरांनीही मला सांभाळून घेतलं.

पिल्लूने मान वर केली. "मामा... मामा, सांग ना."

"हा ओळखतो तुम्हाला?"

आता हॉस्टेलात पोरं सगळ्यांनाच मामा म्हणतात. वॉचमन मामा, मेसमधला मामा, झाडूवाला मामा. मी हसलो, ताई. हसून म्हणालो, "आम्हाला सगळेच मामा म्हणतात, बाई."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला समजलं की नाही, मला माहीत नाही. नसेल समजलं असं मी सकाळपासून स्वतःला सांगतोय.

मग पुटपुटलो, "जरा साखर देऊन बघा त्याला." बाई म्हणाल्या, "तुम्ही तुमचा नळ बघा." आणि मी खरंच जाऊन नळ बघितला. वायसर बदलला. गळायचा थांबला.

तोवर त्याला खाली नेलं होतं. मी खोलीत येऊन ड्रॉवर उघडला. ग्लुकोजचा डबा रिकामा. उन्हातून आलो की मीच पेलाभर करून प्यायचो, चव छान असते. तो कॉरिडॉरमध्ये कशाला आला होता, ते तेव्हा कळलं. मेसमधून मूठभर साखर घेऊन खाली धावलो, पण तोवर त्याची दातखीळ बसली होती आणि बाई ॲम्ब्युलन्सला फोन करत होत्या.

ॲम्ब्युलन्सवाल्याने बोटाला सुई टोचली आणि ओरडला, "याला शुगर आहे हे कुणाला माहीत होतं?" बाई म्हणाल्या, "आमच्याकडे काहीच नोंद नाही." मी मागे उभा. साखर तळहाताला चिकटलेली.

आता ऐक. आजार लपवला म्हणून त्याची खोली काढून घ्यायच्या गोष्टी चालल्यात. उद्या ऑफिसात त्यावर ठरणार आहे. आणि आपलं येडं पोरगं शुद्धीवर आल्या आल्या नर्सला काय म्हणालं, तर "मीच सांगितलं नव्हतं." माझं नाव नाही घेतलं. मी अजून त्याला भेटलेलो नाही. आत फक्त नातेवाइकांना सोडतात, आणि नातं सांगायला जीभच वळत नाही.

हेही सांगून टाकतो. बॅग पायाशी आहे. हे पत्र तुझ्यासाठी नर्सकडे ठेवून दुपारच्या बसने सटकायचा विचार होता. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, माझं कधी ठरतं? तुम्ही ऑफिसात पत्र दाखवाल, त्याची खोली वाचेल, आणि मी तुझ्या नजरेसमोर नसेन, असा हिशेब.

थांब. रेक्टरबाई आल्यात.

इथे, हॉस्पिटलात. हातात पिल्लूच्या चपला आणि पांघरूण. डोळे सुजलेत. मला अजून बघितलेलं नाही. नर्सला विचारतायत, "मुलाच्या घरचं कुणी आलंय का? मला त्यांची माफी मागायची आहे."

माझी माफी मागणार, ताई. मीच तर आहे घरचा इथे.

उठतो. बस जाऊ दे.

उद्या इथेच सापडणारा,
तुझा भाऊ