डोंगरावरचा नकली जखमी

८ सप्टेंबर

मेलो नाही! या युद्धसरावात सात देशांची विमानं आमच्या मागावर, डोंगराआड नकली तोफा वेगळ्याच — आणि आज न 'मरता' परत आलेलं हेलिकॉप्टर फक्त आम्हा ब्रिटिशांचं. आमच्या वैमानिक कार्सवेल मॅडम दरीतून इतक्या खालून नेतात की मेंढ्यांची तोंडं दिसतात. उतरल्यावर म्हणाल्या, "बरं झालं." आमच्यात याहून मोठं कौतुक नसतं.

मागच्या भागात पिनॉक माझी परीक्षा घ्यायला बसलेत. अर्धं आयुष्य हेलिकॉप्टरच्या दारात काढलेला माणूस. "सग्डेन, दोरी तपासलीस?" "हो, सर." "मग परत का बघतोयस? लग्न करतोस का तिच्याशी?"

या सरावात पास झालो तर कायमचा हवाई कर्मचारी. नाही तर परत भांडारात, बूट रचायला. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्याला पुन्हा संधी कोण देणार?

९ सप्टेंबर

धुकं. उड्डाण नाही. माझ्या वाटणीचं बेकन सँडविच पिनॉकनी खाल्लं. "बारीक लोकांनी उडू नये, वारा नेतो," म्हणे.

१० सप्टेंबर

उद्या 'पाडलेला' वैमानिक शत्रूच्या हद्दीतून उचलायचा. वैमानिक होणार पोर्तुगीज हवाई दलाचा टोमे. (नावाचं स्पेलिंग त्यालाच विचारून घेतलं. हसला बिचारा.)

पिनॉकनी बजावलं — "तो रडेल, शिव्या देईल, खरंच लागलंय म्हणून गळा काढेल. त्याचं कामच ते. ओळख पटेपर्यंत तो शत्रू. पालथा पाडायचा, हात बांधायचे, ठरलेला आकडा विचारायचा. 'नो डफ' म्हणाला तरच थांबायचं." हे सांगायची गरज नव्हती. सरावात खरोखर काही झालं की आम्ही 'नो डफ' म्हणतो. भरतीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

झोप लागेलसं वाटत नाही.

११ सप्टेंबर

जे झालं ते नीट लिहितो.

टोमे ठरल्या जागी नव्हता. बराच खाली, ओढ्याकाठी पडलेला. मॅडमनी अवघड उतारावर एक चाक टेकवून हेलिकॉप्टर धरलं. मी उडी मारली. तो ओरडत होता — निम्मं इंग्रजी, निम्मं पोर्तुगीज. "खरं! खरं!" आणि पुढे बरंच काही. पंख्याच्या आवाजात कळेना. आकडा विचारला — सांगितला नाही. पालथा पाडला. पाठीवर गुडघा दिला. हात बांधले. तो मान वळवून वळवून मागे बघत होता. मी मान खाली दाबली.

आत ओढल्यावर मी म्हणालो, "फारच छान रडतो हो हा." पिनॉक म्हणाले, "नाटक कंपनीत घाला त्याला."

वाटेत शत्रूच्या दोन विमानांना चुकवलं. पिनॉकनी खांद्यावर थाप मारली. "पास झालास, पोरा." मी हसत होतो! खाली बघितलं तर टोमेच्या तोंडातून लाल फेस येत होता.

कड्यावरून पडला होता तो. बरगड्या आधीच मोडलेल्या. एक फुफ्फुसात घुसली — माझ्या गुडघ्याने की आधीच, ते डॉक्टर सांगत नाहीत.

१२ सप्टेंबर, दुपार

टोमे बेशुद्धच. तरी चर्चेची बैठक झाली. हुद्दे दाराबाहेर ठेवायचे आणि ज्याने त्याने आपली चूक आधी आपण सांगायची, ही आमची रीत. पण त्याआधी पडद्यावर निकाल आला: सुटका, सर्वांत कमी वेळ, पहिले — ब्रिटिश. टाळ्या वाजल्या! मागच्या रांगांना काही माहीतच नव्हतं.

मॅडम उभ्या राहिल्या. "टाळ्या बंद करा. हेलिकॉप्टर माझं होतं, चूक माझी." मीही उठलो. पिनॉकनी बाही ओढली. "बस खाली, पोरा." नाही बसलो. म्हणालो, "गुडघा माझा होता. तो 'खरं' म्हणत होता. मी ठरलेल्या शब्दांची वाट बघत होतो."

टोमेचे मेजर सेरेजो शांतपणे म्हणाले, "कुठले शब्द?"

"नो डफ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... हे खरं आहे."

"तो तेच तर सांगत होता."

मग त्यांनी विचारलं, "आम्हाला हे शब्द कोणी सांगितले होते?" मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी पिनॉककडे. पिनॉक जमिनीकडे बघत होते. कोणीच सांगितले नव्हते. जगाला ठाऊक असणारच, असं आम्ही धरून चाललो.

बाहेर पिनॉक म्हणाले, "पास केलेलं मी परत घेतो, सग्डेन. आणि परीक्षकाचं माझं पदही परत देतो." भांडार तर भांडार. टोमे जगू दे.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ

टोमे शुद्धीवर आला. मेजर सेरेजो इस्पितळातून बोलले. डोळे उघडताच त्याने विचारलं — कड्याखालच्या त्या बाईला काढलंत का? एकटीच डोंगर चढत होती. पाय घसरून अडकली. तिच्याकडे उतरतानाच हा पडला.

मान वळवून वळवून तो तिच्याकडेच बघत होता! मॅडमनी इंजिन सुरू केलंय. पिनॉक हाका मारताहेत. काल सकाळपासून ती तिथे आहे.